हिवाळी बटाटा आणि रात्रीचा गारवा
इंग्लंडात नाताळसाठी ऑगस्टमध्ये लावलेला बटाटा अवेळचा गणला जातो. आपल्या कामठीकडे मात्र हिवाळा हाच त्याचा खरा हंगाम होय. याचे मर्म रात्रीच्या गारव्यात आहे. रात्री २० अंशांहून फार उबदार राहिल्या, की दिवसा पानांनी केलेले अन्न पाला वाढविण्यातच खर्ची पडते. कंद पोसत नाही. म्हणून आपण ऑक्टोबरअखेरच्या सुमारास लागण करावी व फेब्रुवारीत काढणी उरकावी. घाई केली तर कापलेले बेणे उष्म्याने सडते; उशीर झाला तर फाल्गुनाचे ऊन गाठते. दोन्हीकडून महागड्या बेण्याचा पैसा बुडतो. २००६ साली प्रसारित झालेली ‘कुफरी सूर्या’ ही जात उष्णता अधिक सोसते खरी. तथापि लागणीची वेळ आपणांसच सांभाळावी लागेल.