5 मिलिमीटरचा झोल
सौंसरहून सावनेरकडे जुनी फियाट निघाली आहे. काटा सत्तरवर गेला की आरशात मागच्या एका ट्रकचे दोन दिसू लागतात. रस्ता गुळगुळीत, चाकं शाबूत. मग आरसा कशानं थरथरतो?

संशय इंजिनावर जातो, पण तिथं तर हिशेब चोख दिसतो. पहिला आणि चौथा पिस्टन खाली येतात तेव्हा दुसरा-तिसरा वर जातात. दोन वर, दोन खाली; फिटंफाट.

तरी फिटंफाट होत नाही! या फियाटचं, म्हणजे कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन घ्या: 1089 सीसी, पिस्टनची धाव 75 मिमी. क्रँक पाव फेरा फिरला की खाली येणारा पिस्टन निम्म्यावर, म्हणजे 37.5 मिमीवर हवा ना? तो पोचलेला असतो 42च्या आसपास. कारण तोवर कनेक्टिंग रॉड तिरका झालेला असतो, आणि तिरका रॉड उंचीला कमी भरतो. वर जाणाऱ्या जोडीचे रॉडही तेवढेच तिरके, म्हणून ती तेवढीच मागे पडते. त्या क्षणी चारही पिस्टन एका रेषेत, पण मधल्या खुणेच्या सुमारे 5 मिमी खाली! पुढच्या पाव फेऱ्यात सगळ्यांचं मिळून वजन पुन्हा वर. प्रत्येक फेऱ्यात असं दोनदा. मिनिटाला 3000 फेरे धरा, सेकंदाला शंभर हिसके झाले.

1983ची मारुती 800 आणखी चकवते. पिस्टन तीनच, वाटतं, ही जास्त थरथरणार. पण 120 अंशांवर बसवलेल्या त्या तिघांचे वर-खाली हिसके, या झोलासकट, एकमेकांत जिरतात. मात्र हे हिसके एका जागी नाहीत, रांगेत बसतात. म्हणून उरतं फक्त सी-सॉसारखं डुलणं.

आता अशी दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडा. डुलणंही गेलं! हे झालं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि ते होतं कुठं? पांढुर्ण्याची संत्री वाहणाऱ्या जुन्या टाटा 1210 ट्रकमध्ये. ट्रक खडखडायचा तो कडक पाट्यांनी आणि डिझेलच्या धडाक्यानं.

चार सिलिंडरवर इलाजही आहे. क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट फिरणारे, एका बाजूला भारी असलेले दोन दांडे. ही युक्ती इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टरची, शंभरहून अधिक वर्षं जुनी. पद्मिनीला ते दांडे नव्हतेच. तिच्या इंजिनाखाली रबराची माउंटिंग. आरसा एकाएकी जास्त थरथरू लागला, तर मिस्त्रीला आधी तेच रबर बघायला सांगा.