मोहावेच्या वाळवंटातली मोजणी

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात रॉजर्स नावाचं एक कोरडं तळं आहे. हिवाळ्यात त्यात थोडं पाणी साचतं, वारा ते पाणी तळभर फिरवतो आणि चिखल वाळला की जमीन पुन्हा सपाट, टणक होते. दरवर्षी आपोआप दुरुस्त होणारी ही मैलोगणती धावपट्टी! तिच्याच काठच्या म्युरॉक तळावरून, म्हणजे आजच्या एडवर्ड्स तळावरून, निघालेल्या एक्स-१ विमानातून चक येगर यांनी १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ध्वनीचा वेग ओलांडला. तेव्हापासून ही जागा विक्रमवीरांची म्हणून ओळखली जाते. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. या वाळवंटाने जगाला दिली ती मोजमापं. विक्रम बरेचदा ती घेता घेता घडले.

एक्स-१चंच पाहा. ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ९४ टक्क्यांवर पोचल्यावर येगर यांनी दांडा ओढला, तरी विमानाचं नाक हलेना. शेपटीवर तयार झालेल्या शॉक वेव्हमुळे तिच्या मागच्या कडेची हलती झडप निकामी झाली होती. अख्खी आडवी शेपटीच थोडी थोडी फिरवण्याची सोय विमानात होती. ती वापरून पाहू, असं अभियंता जॅक रिडली यांनी सुचवलं आणि प्रश्न सुटला. पुढे स्वनातीत लढाऊ विमानांत ही पद्धत रूढ झाली. या उड्डाणांत नासाच्या पूर्वीच्या संस्थेची, एनएसीएची, यंत्रं दाब, वेग आणि ताण फिल्मवर रेघांच्या रूपात टिपत. त्या रेघा वाचून आकडे काढण्याचं किचकट काम तिथल्या महिला गणक करत. येगर यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे, या बायकांची नावं मात्र फार थोड्यांना.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं विंड टनेलमध्ये किंवा आता संगणकावर करता येत नाही का? १९४७ साली तरी येत नव्हतं. ध्वनीच्या वेगाच्या आसपास त्या काळच्या टनेलमधला प्रवाहच तुंबायचा. पण साधनं सुधारल्यावरही प्रश्न संपला नाही. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी ‘एंटरप्राइझ’ हे चाचणीसाठीचं स्पेस शटल एडवर्ड्सच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर उतरताना डोलायला लागलं, टेकून पुन्हा उसळलं. वैमानिकाने दांडा हलवल्यापासून विमानाने दाद देईपर्यंत क्षणाचा काही अंश उशीर होत होता. त्याने केलेली दुरुस्ती पोचेपर्यंत उलट दुरुस्तीची वेळ आलेली असे. मग एफ-८ या जुन्या लढाऊ विमानावर मुद्दाम तसा उशीर घालून पाहिला गेला. १९७२ साली याच विमानाने यांत्रिक जोडणीऐवजी पूर्णपणे डिजिटल संगणकाच्या भरवशावर उड्डाण केलं होतं, आणि तो संगणक अपोलो मोहिमांतला होता. एफ-८ वरच्या उशिराच्या चाचण्यांच्या आधारे शटलच्या नियंत्रणात एक फिल्टर बसवला गेला. १४ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ अंतराळातून परतून याच कोरड्या तळ्यावर सुखरूप उतरलं. आज आपल्याकडे सर्रास दिसणारी एअरबस ए-३२० चालते तीही डिजिटल नियंत्रणावरच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या ज्ञानासाठी माणसं मेली. तळाला ज्यांचं नाव आहे ते ग्लेन एडवर्ड्स स्वतः १९४८ साली चाचणीतच गेले. पण सगळे मृत्यू एकाच मापाने मोजता येत नाहीत. अतिवेगात विमान एका अक्षावर वळताना बाकीच्या अक्षांवरही भेलकांडतं, हे एनएसीएने १९५४ सालीच उड्डाणांत नोंदवलं होतं. त्यावर उपाय म्हणून एफ-१०० या लढाऊ विमानाची शेपटी मोठी केली गेली. तरीही २७ सप्टेंबर १९५६ रोजी मेल ॲप्ट यांना एक्स-२ मधल्या पहिल्याच उड्डाणात ध्वनीच्या तिप्पट वेगापलीकडे जाऊ दिलं गेलं. परतीच्या वळणावर विमान याच दोषाने हाताबाहेर गेलं आणि ते दगावले. ज्ञान हाताशी होतं, धीर नव्हता. याउलट एक्स-१५ ने १९५९ ते १९६८ या काळात पायरीपायरीने १९९ उड्डाणं केली. त्यातही १९६७ साली मायकेल ॲडम्स यांचा बळी गेला, म्हणजे पायरीपायरीने जाणं म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. पण तीनच विमानांनी ध्वनीच्या ६.७ पट वेग आणि १०० किलोमीटरपलीकडची उंची गाठली ती याच पद्धतीने.

तीच पद्धत आता एक्स-५९ या नव्या विमानासाठी वापरली जाते आहे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी पामडेलहून पहिल्यांदा उडून ते एडवर्ड्सला उतरलं. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडताना होणारा गडगडाट कमी करणं आणि उरलेला आवाज जमिनीवरच्या माणसाला कितपत त्रास देतो हे मोजणं, हे त्याचं काम आहे.