नऊ गाड्या, शंभर सीसी आणि मोजायचा राहिलेला एक माणूस



विष्णुपुरी ते नळदुर्ग राईडचा आपला व्हिडिओ टाकल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस तेच विचारतोय. शंभर सीसीच्या गाडीवर दोन दिवसांत पाचशे किलोमीटर होतात का? खर्च किती आला? दुकान कुणाच्या भरवशावर ठेवलं? याची उत्तरं देतो. पण त्या राईडची एक गोष्ट व्हिडिओत नाही, मीच ती कापली. आज तीही लिहितो, कारण बॅचमध्ये मी तुम्हाला "टीम सांभाळा" म्हणून सांगत असतो आणि त्या रात्री मलाच नऊ माणसं सांभाळता आली नाहीत.

आधी खर्चाचं बघू. आम्ही नऊ जण, सगळे विष्णुपुरी आणि विद्यापीठ परिसरातले दुकानदार. किराणा, झेरॉक्स, मोबाईल रिपेअरिंग, चहाची गाडी, एक गॅरेजवाला आणि मी. नऊही गाड्या १०० ते १२५ सीसीच्या. जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर आणि पुढं नळदुर्ग. येताना उमरगा, किल्लारी, औसा, लातूर आणि परत घर. घरी आलो तेव्हा माझ्या मीटरवर ४९८ किलोमीटर झाले होते.

माझी गाडी लिटरला साठच्या आसपास देते. म्हणजे ८.३ लिटर पेट्रोल. दर १०६ धरला तर ८८० रुपये. हीच राईड साडेतीनशे सीसीच्या, पस्तीसचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीवर केली असती तर दीड हजार लागले असते. लोक म्हणतात, बघा, सहाशे रुपये वाचले! वाचले, पण खरा खर्च तिथं नाहीच. आमच्यातल्या किराणावाल्या मामांचं बघा. रोजची विक्री नऊ हजार, मार्जिन १२ टक्के धरा. दिवसाचे १,०८० रुपये. दोन दिवस शटर खाली म्हणजे २,१६० गेले. महिन्याचं सामान भरणारं गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत येतं, पण दूध-ब्रेडला येणारं शेजारच्या दुकानात जातं आणि कधी कधी तिकडचंच होतं. पेट्रोलच्या अडीचपट खर्च बंद शटरचा आहे आणि तो कोणत्याच बिलात दिसत नाही. राईड कितीला पडली हे सांगताना हा आकडा धरत नसाल तर तुमचा हिशोब कच्चा आहे.

आता छोटी गाडी झेपते का? अहो, जग याच गाड्यांवर चालतंय. होंडाची सुपर कब १९५८ साली आली आणि २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटी गाड्या बनून झाल्या. आपल्याकडं हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ ला, स्प्लेंडर १९९४ ला. ९७.२ सीसीचं इंजिन, ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. त्यावर दूधवाल्यानं कॅन लावले, शेतकऱ्यानं खताची पोती आणली, मास्तर तीस-तीस किलोमीटरवरच्या शाळेत गेले. आपल्या नांदेडात हजूर साहिबच्या परिसरात उभं राहा, पंजाबच्या नंबरप्लेटच्या मोटारसायकली दिसतील, मागं बोचकं बांधलेलं. तो माणूस सोळा-सतराशे किलोमीटर तोडून आलेला असतो. त्याला जाऊन सांगा, छोट्या गाडीवर लांब जाता येत नाही म्हणून.

झेपते, पण तिच्या चालीनं. पन्नास-पंचावन्नला ती दिवसभर चालते. सत्तरला नेऊन ठेवली की हँडल थरथरतं, हाताला मुंग्या येतात, इंजिन तापतं आणि ॲव्हरेज पडतं. पुढचा ट्रक ओव्हरटेक करायला जी ताकद लागते ती तिच्यात नाही. म्हणून समोर मोकळा रस्ता दिसेपर्यंत मागंच राहायचं. ब्रेक बहुतेक ड्रमचे. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लागायची सोय आहे, जुन्यांना तीही नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळं आपल्याला जुने रस्तेच बरे. आणि खरं सांगू का, चहा जुन्याच रस्त्यावर मिळतो.

जाताना सगळं मजेत झालं. पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या गेटसमोरून निघालो, माळेगावला खंडोबाला बाहेरूनच हात जोडले, नाश्ता लातूरला. तुळजापूरला दर्शन घेऊन मुक्काम, सकाळी नळदुर्ग. बोरी नदीवरचा पाणीमहाल इब्राहीम आदिलशाहाच्या काळातला. वरून पाणी चालू होतं आणि नर-मादी धबधबे दोन्ही वाहत होते. चहावाला भाऊ तिथून हलायलाच तयार नव्हता. व्हिडिओत तुम्ही जे बघितलं ते हेच.

तुळजापूरला मात्र मी एक चूक केली. प्रत्येकी पंधराशे रुपये वर्गणी ठरली होती. राहणं, जेवण, चहा आणि त्यातले दोनशे दुरुस्तीला. मामांनी हजार दिले होते, पाचशे परत आल्यावर देतो म्हणाले होते. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर हिशोब वाचला. मला वाटलं, पारदर्शकता! "आठ जणांचे पूर्ण आले, एकाचे पाचशे यायचेत," असं बोललो. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा चालू असताना मामांच्या गाडीकडं बोट करून मी म्हटलं, "ही आपली बैलगाडी, हिच्यामुळं उशीर होतो." मामापण हसले. त्यांची गाडी २००९ ची, ग्रुपमधली सगळ्यात जुनी.

येताना किल्लारीला अर्धा-पाऊण तास गेला. झेरॉक्सवाल्याचं आजोळ तिकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी पाच वर्षांचा होतो. पुढं कितीतरी दिवस आम्ही नांदेडात अंगणात झोपायचो, एवढंच आठवतं. त्यानं दगडमातीच्या ढिगाऱ्याच्या गोष्टी सांगितल्या आणि कुणाला उठावंसं वाटेना. त्यामुळं लातूर सोडायला पावणेसहा झाले. तिथंच मुक्काम करायला पाहिजे होता. पण सोमवारी सकाळी सगळ्यांना शटर उघडायचं होतं.

चाकूरच्या पुढं अंधार पडला. अंधार पडला की माणूस पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालतो, मागं कोण बघणार? माझ्यासकट सगळ्यांना घर दिसत होतं. वेग कधी पासष्टवर गेला कळलं नाही. माळेगावला चहाला थांबलो आणि चहावाल्या भावानं सवयीनं ग्लास मोजले. "सर, आठच हैत की."

मामांचा फोन स्विच ऑफ.

मित्रांनो, ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. मामांच्या घरी लेकरं दोन, दुकान एकट्याच्या जिवावर. गॅरेजवाला आणि मी परत फिरलो, बाकीच्यांना तिथंच थांबवलं. प्रत्येक पुलाला गाडी हळू करून कडेला बघायचं. अहमदपूर गेलं, तरी पत्ता नाही. शिरूर ताजबंदच्या अलीकडं एका ढाब्यावर गाडी उभी दिसली आणि बाजूला खाटेवर मामा.

चेन तुटली होती. हॉर्न दिला, ओरडले, कुणाला ऐकू आलं नाही. फोन दिवसभर फोटो काढून संपलेला. आमचे नंबर फोनमध्येच, पाठ एकही नाही. तीन किलोमीटर गाडी ढकलत आणली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून नोट काढली. "सर, हे पाचशे. घ्या."

मी म्हटलं, "मामा, काय करूलालाव हे? पैशाचं काय काढलंव आत्ता?"

"नाही, मला वाटलं तुम्ही जाणूनच गेलाव. रात्री तसं बोललाव, सकाळी गाडीला बोललाव. म्हटलं वैतागलेत सर."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. गॅरेजवाल्यानं मोबाईलच्या टॉर्चवर पंधरा मिनिटांत चेन लॉक टाकून गाडी चालू केली. किरकोळ किमतीचा पार्ट. तो होता माझ्या बॅगेत, आणि मी होतो सगळ्यात पुढं. गॅरेजवाला माझ्या मागंच दुसरा. म्हणजे गाडी बंद पडणार मागं आणि हत्यारं, पार्ट, मिस्त्री सगळं पुढं. धंद्यात आपण हेच करतो की नाही बघा. ज्याला अडचण येते त्याच्या हातात काहीच नसतं, सगळं मालकाच्या टेबलावर.

घरी पोचायला साडेबारा झाले. दुसऱ्या दिवशी मामांच्या दुकानात गेलो तर ते गोदामात होते, गल्ल्यावर वहिनी. त्यांनी साखर मोजता मोजता एवढंच विचारलं, "नऊ जण गेले ना ओ तुम्ही? नऊ मोजायला किती वेळ लागतो?"

त्यानंतर आम्ही बसून काही गोष्टी बदलल्या. मिस्त्री आणि हत्यारांची पिशवी आता शेवटच्या गाडीवर. सगळ्यात हळू गाडी दुसऱ्या नंबरला, म्हणजे तिची चाल हीच सगळ्यांची चाल. पंढरीच्या वारीत पुढच्यानं धाव घेतली तर दिंडीच तुटते, तसंच हे. आणि महत्त्वाचं म्हणजे आरसा. आपल्याकडं पोरं गाडी घेतल्या घेतल्या आरसे काढून ठेवतात. आमच्यात आता आरसे नसलेल्याला प्रवेश नाही, कारण प्रत्येकाची जबाबदारी एकच: आपल्या मागच्याचा दिवा आरशात दिसला पाहिजे. दिसला नाही तर वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर कडेला थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुमचा दिवा दिसेनासा होतो, तोही थांबतो, आणि असं करत दोन-चार मिनिटांत सगळ्यात पुढचा थांबतो. फोन लागत नाही, हॉर्न ऐकू येत नाही, तरी निरोप पोचतो. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाईट दिवसापण चालूच असतो, त्यामुळं हे उन्हातही जमतं. जुनी गाडी असेल तर दिवसा स्वतः लाईट लावायची.

अंधारात चालवणं बंद. जुन्या गाड्यांचा हेडलाईट थेट कॉईलवर चालतो, रेस कमी केली की उजेड कमी. म्हणजे खड्डा दिसला म्हणून हळू केलं की खड्डा आणखी दिसेनासा होतो! सूर्य मावळायच्या आत ज्या गावात असू तिथं मुक्काम. सोमवारी शटर उशिरा उघडेल, उघडू द्या. दोन नंबर कागदावर लिहून खिशात. १०८ ची अँब्युलन्स सगळ्यांना माहीत असते, पण आपण कुठल्या किलोमीटरच्या दगडाजवळ आहोत हे सांगता येत नाही, म्हणून दगड वाचायची सवय लावली. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट. वर्गणीचा हिशोब ज्याचा त्याला वेगळा सांगायचा, जेवणाच्या ताटावर नाही.

जानेवारीत भोकर-किनवट मार्गे माहूरला जायचं ठरलंय. मामांना विचारायला मी महिनाभर टाळाटाळ केली. शेवटी विचारलं तर आधी "दुकान कोण बघणार" म्हणाले. मी म्हटलं, माझा पोरगा दोन दिवस सकाळी तुमच्या गल्ल्यावर बसवतो, त्यालाही माल मोजायची सवय लागेल. यावर वहिनीच हौ म्हणाल्या.

काल मामा दुकानात आले. गाडीला नवी चेन आणि दोन्ही चक्र बसवून आणली होती, ती दाखवली. मग पंधराशे रुपये काउंटरवर ठेवले आणि मला मोजायला लावले. जाताना म्हणाले, "दुसऱ्या नंबरला मी चालवतो सर. पण कॅमेरा माझ्या मागच्याकडं द्या."