बोरघाटात इंजिन वाचवणारा, केसाहूनही पातळ थर!

खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो आणि लोणावळ्याला पोचेपर्यंत गाडी अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंची चढते. गाडीत पाच जण, एसी चालू, पुढे ट्रकची रांग. अशा वेळी इंजिनमधला एक छोटासा पार्ट प्रचंड दाब झेलत असतो: इंजिन बेअरिंग.

हे बेअरिंग कसं असतं?
सायकलच्या बेअरिंगसारखे यात छर्रे नसतात. कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकशाफ्टला धरतो, तिथे अर्धगोल आकाराच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. हातात घेतली तर एकाच धातूची वाटणारी ही पट्टी खरं तर थरांची असते:

१. पाठीला पोलाद: मजबुतीसाठी.
२. मधे तांब्याचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम-कथील: साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर. हा दाब झेलतो.
३. वर मऊ मुलामा: अनेक बेअरिंगांत जेमतेम १५-२० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो!

झीज थांबवायला मऊ धातू का?
तेलात धातूचा बारीक कण आला, तर तो मऊ थरात रुतून बसतो आणि महागड्या क्रँकशाफ्टवर चरे पडत नाहीत. पण नुसता मऊ धातू दाबाखाली चेपला जाईल, म्हणून खाली कडक थर. अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्येच असा मऊ बेअरिंग धातू बनवला होता. पुढे या थरांत शिसं सर्रास वापरलं गेलं. ते विषारी असल्यामुळे युरोपात नव्या गाड्यांच्या इंजिन बेअरिंगसाठी दिलेली शिशाची सूट १ जुलै २०११ ला संपली.

मग झीज होते कधी?
इंजिन नीट चालू असताना बेअरिंग आणि क्रँकशाफ्टच्या मधे तेलाचा पातळ पडदा असतो. दोन्ही धातू एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत. स्टार्ट करताना मात्र हा पडदा अजून तयार झालेला नसतो. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत हे वारंवार घडतं. म्हणून त्यांच्या काही बेअरिंगवर ग्रॅफाइटसारखे घन वंगण मिसळलेला पॉलिमरचा थर देतात.

घाटात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर गाडी रेटली तरी हा पडदा पातळ होतो.

तुम्ही काय करायचं?
- चढावर इंजिन कुंथायला लागलं की गिअर खाली टाका.
- ऑइल आणि फिल्टर कंपनीने सांगितलेल्या वेळेत बदला. ग्रेडही तीच ठेवा.
- ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबून लगेच इंजिन बंद करा. "वर लोणावळ्यात बघू" म्हणू नका. तेलाचा दाब गेला की तो मुलामा फार काळ टिकत नाही आणि इंजिन सीज झालं की खर्च हजारांत राहत नाही.