डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा

सुरत शहराच्या दक्षिणेकडील भेस्तान आणि त्यालगतच्या उधना, पांडेसरा या औद्योगिक भागांत खानदेशातून उपजीविकेसाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. घर सुरतेत आणि शेती धुळे, नंदुरबार वा जळगाव जिल्ह्यात, अशी त्यांपैकी कित्येकांची स्थिती असते. कर्जप्रकरणासाठी सातबारा हवा असल्यास पूर्वी गावी जाऊन तलाठ्याची सही घ्यावी लागे. त्यात रोजगार बुडे. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे संकेतस्थळावर उपलब्ध करून देण्यास प्रारंभ केला. आता १५ रुपये शुल्क भरून असा उतारा भेस्तानमध्येही मिळू शकतो. मात्र शाईची सही नसलेल्या या उताऱ्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

स्वाक्षरी म्हणजे काय?

डिजिटल स्वाक्षरी हे सहीचे छायाचित्र नव्हे. ते एक गणित आहे. प्रथम संगणक संपूर्ण मजकुरापासून ठरावीक लांबीची एक संख्या तयार करतो. तिला मजकुराचा ठसा म्हणता येईल. मजकुरातील एक अंक जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. त्यानंतर स्वाक्षरी करणाऱ्याच्या दोन कळा उपयोगी पडतात : स्वाक्षरीसाठी गुप्त कळ आणि पडताळणीसाठी सर्वांना खुली असलेली सार्वजनिक कळ.

रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली रीत शिक्षकांना फळ्यावरही दाखविता येईल. समजा, ठसा ४, गुप्त कळ ७ आणि सार्वजनिक कळ ३ व ३३ आहे. ४ चा सातवा घात १६,३८४ होतो. त्यास ३३ ने भागता बाकी १६ उरते. ही झाली स्वाक्षरी. पडताळणी करणारा १६ चा घन, म्हणजे ४,०९६, घेऊन ३३ ने भागतो. बाकी ४ येते. ती ठशाशी जुळली, म्हणून स्वाक्षरी खरी. कोणी क्षेत्राचा आकडा बदलला आणि ठसा ५ झाला, तर मेळ बसणार नाही.

३३ चे ३ व ११ हे अवयव कोणीही पाडील आणि त्यावरून गुप्त कळ शोधून काढील. म्हणून प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरतात. इतक्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

कायदा व जबाबदारी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ अन्वये डिजिटल स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता आहे. कलम ४२ अन्वये गुप्त कळ सांभाळण्याची जबाबदारी ती धारण करणाऱ्याची असते. कामाच्या निकडीपोटी आपली कळ व तिचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय. गणित बिनचूक असले तरी कळ कोणाच्या हातात होती, हे ते सांगू शकत नाही.

नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

छापील प्रत हाती आल्यावर केवळ तिच्या रूपावर विसंबू नये. कागदावर ठशाचे गणित करता येत नाही. म्हणून उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर भरून मूळ उतारा पाहावा आणि गट क्रमांक, क्षेत्र व खातेदारांची नावे ताडून घ्यावीत. संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा, स्वाक्षरी नसलेला उतारा केवळ माहितीसाठी असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वाक्षरीमुळे उतारा अधिकृत आहे आणि त्यात नंतर बदल झालेला नाही, एवढेच सिद्ध होते. मूळ नोंदच चुकीची असेल, तर स्वाक्षरी ती चूकही तशीच जपते. लेखनातील अशी चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्त करून घेता येते. गावापासून दूर राहणाऱ्या खातेदारांनी म्हणूनच गरज पडण्याची वाट न पाहता आपला उतारा अधूनमधून तपासून पाहणे हिताचे ठरेल.