चोर मेमरीत, शिक्षा कार्डाला

फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय विक्रीला आला, तेव्हा तळहातावर मावणाऱ्या बोर्डावर लिनक्स चालते याचेच अप्रूप होते. मेमरी २५६ एमबी, प्रोसेसरच्याच पाठीवर बसवलेली आणि ४०० मेगाहर्ट्झवर चालणारी. सप्टेंबरमध्ये ‘टर्बो’ हा पर्याय आला. प्रोसेसर ७०० वरून १००० मेगाहर्ट्झवर आणि मेमरी ६०० वर, तेही वॉरंटीला धक्का न लावता! पुष्कळ बोर्डांना हा वेग झेपला, काहींना झेपला नाही. न झेपणाऱ्यांचे दुखणे सरळ समोर येत नसे. फाइल सिस्टीम बिघडायची, मशीन सुरूच व्हायचे नाही. लोक एसडी कार्ड बदलायचे, लिनक्स नव्याने टाकायचे, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मेमरी, वाढवलेला वेग की खरोखरच कार्ड, नेमका गुन्हेगार कोण हे सांगणारे साधन हाताशी नव्हते.

मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे सतत झिरपत जाणारा इवलासा विद्युतभार. तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. बोर्ड तापला की झिरपणे वाढते, वेग वाढवला की प्रोसेसर आणि चिप यांच्यातला संदेश नीट वाचायला मिळणारा अवधी घटतो. अशात एखादा बिट उलटला, तर पुढचे सगळे तो कुठे होता यावर. चित्रातला ठिपका असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. प्रोग्रामचा पत्ता असेल तर प्रोग्राम कोसळेल. आणि कार्डावर लिहिण्यासाठी थांबलेल्या मजकुरातला असेल, तर कार्ड तो चुकीचा मजकूर इमानेइतबारे जपून ठेवेल. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती इथे.

दुसरा संशयित वीजपुरवठा. फोनचा चार्जर आणि बारीक केबल जोडून बोर्ड चालवणारे कमी नव्हते. २०१४ च्या बी प्लस मॉडेलपासून दाब ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला की बोर्डावरचा लाल दिवा विझू लागला. निदान या संशयिताची झडती तरी घेता येऊ लागली.

मेमरीची खरी झडती मात्र ऑलविनर चिपच्या बोर्डांवर काम करणाऱ्या लिनक्स-सनशी या स्वयंसेवी समूहाने घेतली. ‘मेमटेस्टर’ आधीपासून होताच. मेमरीत ठरावीक आकृतिबंध लिहायचे आणि वाचून ताडून पाहायचे, हे त्याचे काम. पण कर्नलने स्वतःकडे ठेवलेल्या मेमरीपर्यंत त्याचा हात पोचत नाही, शिवाय त्याचा ताण येतो तो फक्त प्रोसेसरच्या बाजूने. म्हणून ‘लिमा-मेमटेस्टर’ आला. त्यात पडद्यावर एक घन गरगर फिरत राहतो. तो फिरवण्यासाठी माली ग्राफिक्स चिप मेमरीवर तुटून पडते आणि त्याच वेळी मागे तपासणी चालू असते. नुसत्या मेमटेस्टरमध्ये उत्तीर्ण झालेला बोर्ड या दुहेरी माऱ्यात उघडा पडू शकतो. हा सगळा खेळ यूएसबी केबलने थेट मेमरीत चढवता येतो, कार्ड घालावेच लागत नाही. कार्डावरचा आळ दूर करण्याचा याहून स्वच्छ मार्ग नसेल.

२०१५ साली आलेल्या ऑरेंज पाय पीसीच्या बाबतीत ही चाचणी फार मोलाची ठरली. पंधरा डॉलरचा बोर्ड, ऑलविनरचीच एच३ चिप, एक जीबी डीडीआर३. मेमरीचा मूळचा वेग होता ६७२ मेगाहर्ट्झ. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या बोर्डांवर घन फिरवून पाहिला आणि आकडे मांडले. एकाच मॉडेलच्या दोन बोर्डांची सहनशक्ती वेगळी निघाली. पुढे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वेग ६२४ वर आणला गेला. सुमारे सात टक्क्यांची ही कपात रोजच्या वापरात जाणवणेही कठीण. त्या बदल्यात मिळणारा भरवसा पाहता हा निर्णय शहाणपणाचाच होता.

घन फिरवायची सोय नसेल, तर कर्नल कंपाइल करून पाहण्याची नव्वदच्या दशकातली युक्ती आजही उपयोगी पडते. प्रत्येक वेळी त्याच ओळीवर अडले तर दोष बहुधा कोडचा. दर खेपेला नव्याच जागी कोसळले तर नजर हार्डवेअरकडे वळवावी.

नंतरच्या बोर्डांत मेमरी बरीच सुधारली. रास्पबेरीच्या कम्प्यूट मॉड्यूल ४ वरची एलपीडीडीआर४ मेमरी चुकलेला बिट चिपच्या आतच दुरुस्त करते. पण चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाताना संदेश बिघडला, तर ही आतली दुरुस्ती तिथे पोचत नाही, त्यामुळे पूर्ण ताण देऊन तपासण्याचे काम अजूनही टळलेले नाही.