गहाणाच्या दुकानातली पारख

लास वेगासमध्ये जुगाराच्या झगमगत्या अड्ड्यांपासून फार लांब नाही असे एक दुकान आहे, 'गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप'. रिचर्ड बेंजामिन हॅरिसन आणि त्यांचा मुलगा रिक यांनी ते १९८९ मध्ये उघडले. त्याआधी काही वर्षे बापलेक याच शहरात जुन्या नाण्यांचा व्यापार करत होते. २००९ च्या जुलैत 'हिस्टरी' वाहिनीवर 'पॉन स्टार्स' ही मालिका सुरू झाली आणि एका गहाणाच्या दुकानाचा गल्ला जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचला. कुणी आजोबांची तलवार घेऊन येतो, कुणी माळ्यावर सापडलेले पुस्तक. दुकानदार वस्तू उलटीपालटी करून पाहतो, शंका आली तर जाणकाराला बोलावतो आणि मग घासाघीस सुरू होते.

मालिकेत दिसते त्यापेक्षा खरा धंदा बराच साधा आहे. अमेरिकेतले गहाणाचे दुकान प्रामुख्याने उसनवारीवर चालते. गिऱ्हाईक अंगठी, गिटार किंवा घड्याळ ठेवतो, पैसे आणि पावती घेतो, मुदतीत व्याजासह रक्कम भरून वस्तू सोडवतो. नाही भरली, तर वस्तू दुकानाची होते. त्यापुढे वसुली नाही, कोर्टकचेरी नाही. तिथल्या व्यावसायिक संघटना सांगतात की एका कर्जाची सरासरी रक्कम दीडशे डॉलरच्या आसपास असते. महिनाअखेरीची तोंडमिळवणी करण्यापुरते हे पैसे. दुर्मीळ वस्तू हा या धंद्याचा छोटा, पण सर्वांत अवघड भाग, कारण तिथे दुकानदाराला एकदम दोन प्रश्नांना सामोरे जावे लागते: ही वस्तू नेमकी आहे काय? आणि तिचे येणार किती?

दुसऱ्या प्रश्नाचे गणित गिऱ्हाइकाला नेहमीच अन्यायाचे वाटते. समजा, एखादी वस्तू लिलावात हजार डॉलरला जाते. दुकानदार पाचशे म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. पण लिलावगृहाची दलाली, दुरुस्ती, चौकट, विमा, विकली जाईपर्यंत महिनोन्महिने कपाटात अडकलेले भांडवल, आणि आपलीच पारख चुकली असण्याचा धोका हे सगळे त्या फरकातून निघायचे असते. कायद्याच्या अटी वेगळ्या. आलेल्या मालाची माहिती पोलिसांना द्यावी लागते, कारण चोरीची वस्तू निघाली तर ती हातची जाते. बंदुकांच्या बाबतीत तर एकाच सालाने फरक पडतो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र पुराणवस्तू ठरते आणि हॅरिसनांच्या दुकानाने आपली खरेदी त्या सालापर्यंतच्या शस्त्रांपुरतीच ठेवली आहे.

पहिला प्रश्न मात्र खऱ्या विद्येचा आहे, आणि तिथे कधीकधी अगदी स्वस्त साधन पुरते. १९४३ मध्ये महायुद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून अमेरिकेने एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढली. टांकसाळीत जुन्या काश्याच्या चकत्या शिल्लक राहिल्या होत्या. त्यांवर चुकून छापली गेलेली मोजकी नाणी आज लाखो डॉलरची आहेत. साहजिकच लोकांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून ती खपवायला सुरुवात केली. यावर उपाय म्हणजे लोहचुंबक. नाणे चिकटले की विषय संपला. काही हुशार हातांनी मग १९४८ च्या खऱ्या काश्याच्या नाण्यावरचा आठाचा आकडा कापून तीन केला. तिथे चुंबक हरतो, आणि भिंगाखाली आकड्याचे वळण पाहणारा डोळा लागतो.

अशा खुणा वस्तूच्या अंगावर असतात, फक्त त्या वाचता यायला हव्यात. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत छापणे सक्तीचे केले. त्यामुळे चिनी मातीच्या बशीखाली देशाचे नाव दिसले, की ती १८०० सालची असल्याची घरगुती आख्यायिका बहुधा तिथेच गळून पडते. लंडनच्या चांदीवर चालत्या सिंहाचा शिक्का १५४४ पासून उमटतो आणि वर्ष सांगणारे अक्षर त्याच्याही आधीपासून. व्हायोलिनच्या पोटात डोकावले की 'स्ट्रॅडिव्हेरियस' लिहिलेली चिठ्ठी हमखास सापडते. अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी १७३७ मध्ये वारला. त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्ये आज शिल्लक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा ठावठिकाणा ठाऊक आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जर्मनी व बोहेमियात कारखान्यांनी हजारोंनी व्हायोलिने बनवली आणि कोणत्या घडणीची नक्कल आहे हे दाखवायला तीच चिठ्ठी आत चिकटवली. त्यांचा हेतू फसवणुकीचा नव्हता. नातवंडांची मात्र आजोबांनी करोडोंची ठेव ठेवली, अशी समजूत होऊन बसते.

नाण्यांच्या जगात आणखी एक गोष्ट फार सलते. घरातले काळवंडलेले चांदीचे नाणे लोक विकायला नेण्याआधी चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करतात. नाण्याची प्रत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या एक ते सत्तर या मोजणीवर ठरते, आणि घासलेल्या पृष्ठभागाला संग्राहकांच्या बाजारात जागाच उरत नाही. शंभर वर्षांत जमलेला थर पाच मिनिटांत निघतो आणि त्याबरोबर किमतीचा मोठा हिस्साही.

मग येतो कागद. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याची अखंड साखळी दाखवता आली, तर किंमत कुठल्या कुठे जाते. रोलेक्स कंपनीची डेटोना मनगटी घड्याळे पुष्कळ आहेत. पण अभिनेता पॉल न्यूमन याचे स्वतःचे, पत्नी जोआन वुडवर्ड हिने 'सांभाळून गाडी चालव' अशा अर्थाचा मजकूर मागे कोरून दिलेले घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. धावपटू जेसी ओवेन्सने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जिंकलेल्या चार सुवर्णपदकांपैकी एक त्याने नर्तक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सनला दिले होते. धातू पाहिला तर चांदीवर सोन्याचा मुलामा. २०१३ मध्ये त्याला १४ लाख डॉलरहून अधिक मिळाले. तराजूवर त्याची किंमत किती भरली असती, हे कुणीही सराफ सांगेल.

इथे अमेरिकी पद्धतीची उणीव स्पष्ट दिसते. गल्ल्यामागचा माणूसच वस्तू ओळखतो आणि तोच ती विकत घेतो. जितके कमी सांगेल तितका त्याचा फायदा. लास वेगासच्या दुकानात क्लार्क काउंटी संग्रहालयाचे माजी प्रशासक मार्क हॉल-पॅटन यांच्यासारखा बाहेरचा जाणकार येतो तेव्हा हवा बदलते, कारण सौद्याच्या रकमेशी त्यांना काही देणेघेणे नसते. ओळख पटवणारा आणि पैसे मोजणारा वेगळा असणे, हीच या धंद्यातली गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी सुरक्षा आहे.

पॅरिसने ही सोय फार पूर्वी केली. सोळाव्या लुईने १७७७ मध्ये तिथे 'माँ-द-पिएते' ही सार्वजनिक गहाणपेढी स्थापन केली. आज ती 'क्रेदी म्युनिसिपाल' या नावाने मारे भागात चालते आणि पॅरिस शहराच्या मालकीची आहे. दागिने, चित्रे, गालिचे, वाद्ये, अलीकडे तर उंची वाइनच्या बाटल्यासुद्धा तिथे तारण घेतात. किंमत ठरवणारे अधिकृत लिलावदार असतात आणि परंपरेने त्यांच्यावर आपल्या अंदाजाची जबाबदारी असते: वस्तू लिलावात कर्जापेक्षा कमी पैशांत गेली तर तूट त्यांनी सोसायची. त्यामुळे फुगवून सांगणे त्यांना परवडत नाही. उलट, वस्तू जास्तीला गेली तर कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम कर्जदाराला मिळते. व्हिएन्नात १७०७ मध्ये सम्राट पहिल्या जोसेफने स्थापलेल्या गहाणपेढीतून 'डोरोथेउम' हे युरोपातले एक मोठे लिलावगृह उभे राहिले. वस्तूची पारख आणि लिलाव एकाच छपराखाली आले, की गरजूच्या हातात बाजाराचा खरा भाव पडण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रात गहाण म्हणजे मुख्यतः सोने. सावकारीला २०१४ च्या राज्य कायद्याचा परवाना लागतो. बाकी मोठा व्यवहार बँका आणि सुवर्णकर्ज कंपन्यांकडे गेला आहे. लिलावात थकबाकीपेक्षा जास्त रक्कम आली तर ती कर्जदाराला परत करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो चांगला आहे. पारख मात्र निव्वळ धातूची होते. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ, आम्लाचा थेंब, हल्ली क्ष-किरणांचे यंत्र. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असल्याने केवळ पाण्यातल्या वजनावर विसंबता येत नाही. मूल्यांकन करणारा सराफ खडे, लाख, रेशीम सगळे वजा करतो आणि निव्वळ सोन्याचा आकडा लिहितो. कोल्हापुरी साजातल्या एकेका पानावरचे नक्षीकाम, जुन्या नथीतली मोत्यांची गुंफण, पेशवाई घाटाचा तन्मणी यांचे त्या आकड्यात काहीच येत नाही. कर्ज फिटले नाही की दागिना बहुधा मुशीत जातो. नियम कुणी मोडलेला नसतो, तरी एक घडण कायमची नाहीशी होते. तारणाच्या फॉर्मवर 'घडणीचे वय व प्रकार' असा एक रकाना आणि दोन छायाचित्रे असती, तरी पुष्कळ काही वाचले असते.

जुन्या नाण्यांबाबत आपल्याकडे नेमके उलट घडते. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेली तांब्याची शिवराई घरात निघाली की लोकांना लाखांची स्वप्ने पडतात. शिवराई शिवकाळानंतरही पेशवाईत कितीतरी ठिकाणी पाडली गेली. तिचे असंख्य प्रकार आहेत आणि बहुतेक अजूनही सहज मिळतात. दुर्मीळ आहे तो शिवरायांचा सोन्याचा होन, आणि म्हणूनच नकली होनही बाजारात फिरतात. समाजमाध्यमांवरच्या आमिषांना लोक इतके बळी पडू लागले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावे लागले: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसले शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

कायदा माहीत नसल्यानेही घरे अडचणीत येतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची अट आहे. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या यांची नोंदणी लागते, व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शेतात नांगराला लागलेला नाण्यांचा हंडा तर १८७८ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. असा ऐवज गुपचूप सोनाराकडे नेणारा माणूस स्वतःवर खटला ओढवतोच, शिवाय ती नाणी कुठे आणि कशासोबत मिळाली ही माहितीही कायमची पुसतो.

देशाबाहेर गेलेली वस्तू परत आणणे किती दुर्मीळ आहे, ते २०२५ मध्ये दिसले. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची युरोपीय पात्याची तलवार लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. तशा पात्याच्या फिरंगी तलवारी अनेक आहेत. ही वेगळी ठरली ती पात्यावर सोन्यात लिहिलेल्या देवनागरी नावामुळे.

आणि एक पदक. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. २०१७ मध्ये त्यांच्या गोळेश्वर गावच्या रखडलेल्या कुस्ती अकादमीसाठी पैसे उभारायला ते पदक लिलावात काढण्याचा विचार कुटुंबीयांनी जाहीर केला. कांस्याचा भाव भंगारवालाही सांगू शकतो. त्या पदकाची किंमत ठरवणे हे सरकारचे आणि संग्रहालयांचे काम होते, आणि कुटुंबावर अशी घोषणा करण्याची वेळ येण्याआधीच ते व्हायला हवे होते.